कऱ्हाड हें नांव कोठें शोधावें ?

कृष्णा आणि कोयना ह्या दोन नद्या कऱ्हाडास समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. संगमानंतर एकीचें नांव पुढें चालतें व दुसरीचें तेथेंच सरतें, असा नद्यांचा रिवाज आहे. खुद्द त्या गांवाच्या नांवाचें मात्र याच्या उलट झालें. गांव एक, नांवें चार-पांच, आणि त्यांपैकीं एकही पुरतें सरलेलें नाहीं. महाभारताच्या सभापर्वांत सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयांत 'करहाटक' येतें. मध्य हिंदुस्थानांत भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर 'करहकट' गांवाकडून आलेल्या दानाचा लेख आहे. तो ख्रिस्तपूर्व काळचा, आणि तें गांव आपलें कऱ्हाडच असें पंडित मानतात. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा इ. स. ९५९ चा ताम्रपट येथेंच मिळाला व तो कऱ्हाडच्याच नांवानें अभ्यासकांस परिचित आहे. जुन्या मराठींत 'कऱ्हाड' स्थिरावलें, व त्यावरून एका ज्ञातीला कऱ्हाडे हें नांव मिळालें. रेल्वेच्या पाटीवर आणि सरकारी कागदांत मात्र आज 'कराड' आहे.

नांवाची ही बहुरूपता इतके दिवस पंडितांच्या वादापुरती होती. आतां ती पोरांच्या गृहपाठापर्यंत येऊन पोंचली आहे. गांवांतल्या एका घरीं मी बसलों असतां तेथील नातीला शाळेनें 'आपलें गांव' ह्या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. तिनें फोनवर 'कराड' असें टिपलें, कांहीं माहिती आली. शेजारीं बसलेल्या आजोबांनीं "अग, असें नव्हे, नीट लिही," म्हणून आपल्या फोनवर 'कऱ्हाड' लिहिलें, तर निराळीच माहिती आली. तिनें तेंच नांव आजोबांचें पाहून, अक्षराला अक्षर जुळवून, पुन्हा आपल्या फोनवर लिहिलें. तेव्हां त्याच संकेतस्थळानें, कांहीं सांपडलें नाहीं, असें निर्विकारपणें कळविलें. दोन्ही पडद्यांवरचीं अक्षरें तंतोतंत एक दिसत होतीं. आजोबांना यंत्राचा राग आला, नातीला आजोबांच्या स्पेलिंगचा. संकेतस्थळाचें नांव सांगण्यांत हशील नाहीं, कारण दोष त्या एकट्याचा नाहीं. ह्या लहानशा फजितीच्या मागें मराठी कोशवाङ्मयाचा जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास उभा आहे. वाचकाची अपेक्षा दर पिढीला बदलत गेली, आणि कोशकाराला प्रत्येक वेळीं आपली वस्तु नव्यानें घडवावी लागली, असा तो इतिहास आहे.

पहिला मोठा मराठी कोश मराठी वाचकासाठीं नव्हताच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ सालीं निघाला, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालची, सुमारें साठ हजार शब्दांची. त्याचा अपेक्षित ग्राहक कंपनीचा कारभारी व पाद्री. त्याला शब्दाचा अर्थ हवा होता, जगाची माहिती नको होती. ती त्याच्यापाशीं आपल्या भाषेंत होतीच. आपल्या लोकांनीं तो कोश पुढें आपलासा केला आणि अजून केलेला आहे, ही गोष्ट निराळी.

माहितीची भूक मराठी घराला लागली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं. वकील, मास्तर, डॉक्टर, मामलेदार कचेरींतला वरिष्ठ कारकून, अशा माणसांनीं 'ब्रिटानिका'चें नांव ऐकलें होतें, क्वचित् एखाद्या संस्थानिकाच्या ग्रंथालयांत तिचे खंड कांचेआड पाहिलेहि होते. ही भूक श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं ओळखली. केतकर १८८४ सालीं रायपूर येथें जन्मले, १९०६ सालीं अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरकी मिळवून आले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा उद्योग आरंभिला. तेवीस खंडांचें तें काम १९२८ पर्यंत संपलेंहि. पाठीशीं सरकार नाहीं, विद्यापीठ नाहीं, राजा नाहीं. बारा वर्षांत तेवीस खंड ही गोष्ट आजहि ऐकणाऱ्याला खरी वाटत नाहीं.

हें जमलें कसें याचें उत्तर विद्वत्तेंत जितकें आहे तितकेंच व्यवहारांत आहे. केतकरांनीं त्यासाठीं मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, तिचे भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविण्यासाठीं गांवोगांव फिरले. ज्ञानकोशाचा वाचक हा त्याचा भागीदारहि असे. वस्तु तयार होण्याच्या आधीं ती कोणाला हवी आहे, किती किंमतीला परवडेल आणि हप्त्यानें घेतां येईल काय, ह्याचा विचार करणारे मराठीतले हे बहुधा पहिलेच पंडित. दुकानदारी म्हणून नाकें मुरडणारे तेव्हांहि होतेच. केतकरांनीं ह्या सर्व खटाटोपाचा इतिहास 'माझें बारा वर्षांचें काम' ह्या पुस्तकांत स्वतःच लिहून ठेवला आहे. ग्रंथनिर्मितीच्या धंद्यांत पडूं पाहणाऱ्या कोणाहि तरुणानें तो एकदां वाचावा.

पण अपेक्षा ओळखणें निराळें आणि अपेक्षेला शरण जाणें निराळें. ज्यानें 'ब्रिटानिका'ची मराठी आवृत्ति येईल म्हणून वर्गणी भरली होती, त्याच्या घरीं पहिले पांच खंड आले ते अकारविल्हे नव्हतेच. ते प्रस्तावनाखंड होते. 'हिंदुस्थान आणि जग', मग 'वेदविद्या', मग बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. 'अ'ची वाट पाहणाऱ्या गृहस्थाच्या हातीं यज्ञप्रक्रिया पडली. केतकरांचें म्हणणें असें कीं, इंग्रजी कोश जग लंडनच्या खिडकींतून पाहतो. महाराष्ट्रीयानें तें आपल्या ओसरीवरून पाहिलें पाहिजे, आणि तसें पाहावयाचें तर आधीं आपण कोण व जगाशीं आपलें नातें काय हें सांगितलें पाहिजे. माझ्या मतें हें म्हणणें बरोबर होतें, आणि धंद्याच्या दृष्टीनें तितकेंच धोक्याचें. वाचकाला जें हवें तें न देतां, जें हवें असावयास पाहिजे होतें तें केतकरांनीं दिलें. त्याची किंमत त्यांनीं स्वतः मोजली. उत्तरायुष्य ओढगस्तींत गेलें, पोटासाठीं कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९३७ सालीं, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ते मधुमेहानें वारले.

त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या माणसांनीं धडा घेतला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ ह्या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग काढले, आणि पुढें १९४९ ते १९५१ मध्यें 'सुलभ विश्वकोश' सहा भागांत दिला. 'सुलभ' हें विशेषण पाहण्यासारखें आहे. तेवीस खंड ठेवण्याइतकें कपाट, ते वाचण्याइतकी फुरसत आणि प्रस्तावनेचे पांच खंड सोसण्याइतका धीर आतां वाचकापाशीं उरला नव्हता. त्याला नोंद आंखूड हवी होती. शंभर वर्षांपूर्वींचा वाचक फार चिकाटीचा होता असें आपण हल्लीं म्हणतों. सुलभ विश्वकोशानें त्याचीहि नाडी पाहून ठेविली आहे.

येथें पुन्हा कऱ्हाडकडे वळावें लागतें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां मुख्यमंत्री झाले ते यशवंतराव चव्हाण, कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलचे विद्यार्थी. जन्मगांव देवराष्ट्रे, तें जन्मकाळीं सातारा जिल्ह्यांत, आज सांगलींत. त्याच वर्षीं त्यांच्या सरकारनें साहित्य संस्कृति मंडळ स्थापिलें आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांस त्याचें अध्यक्षपद दिलें. मराठी विश्वकोशाचें काम ह्या मंडळाकडे आलें. शास्त्रीबोवा वाईचे, प्राज्ञ पाठशाळेचे. तेथें धर्मकोशाचें काम पूर्वीच चाललेलें. तेव्हां विश्वकोशाचें बिऱ्हाडहि मुंबईस न थाटतां वाईस थाटलें. वाईच्या घाटाखालून जाणारी कृष्णाच पुढें कऱ्हाडास येते. एका नदीच्या काठीं कल्पनेला राजाश्रय देणारा माणूस वाढला आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला ती कल्पना नोंदवहींत उतरली, हा योगायोग सातारकरांनीं मिरविण्यासारखा आहे.

आतां पाठीशीं सरकार होतें; भाग विकावयास नकोत, वर्गणीदार शोधावयास नकोत. केतकरांना ज्याची वाण होती तें सर्व होतें. पण वेग? विज्ञानाच्या नोंदी लिहावयाच्या तर आधीं मराठी संज्ञा पाहिजेत, म्हणून प्रथम परिभाषासंग्रह तयार केला. तो १९७३ सालीं निघाला. पहिला खंड, 'अंक'पासून आरंभ होणारा, १९७६ सालचा. विसावा खंड २०१५ सालीं बाहेर पडला. त्यापूर्वींच, १९९४ सालीं, लक्ष्मणशास्त्री निवर्तले होते, त्यांच्यामागून मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड इत्यादिकांनीं ती जबाबदारी वाहिली. सुमारें अठरा हजार नोंदींचा हा ग्रंथराज आहे आणि त्यांतील कित्येक नोंदी लहानशा प्रबंधाच्या योग्यतेच्या आहेत. पण पहिल्या खंडापासून शेवटच्यापर्यंत एकुणचाळीस वर्षें! पहिल्या खंडाच्या वेळीं सोव्हिएट संघ जगांत होता; शेवटचा निघाला तेव्हां तो नाहींसा होऊन चोवीस वर्षें लोटलीं होतीं. ज्या मुलानें शाळेंत असतां 'अ' पाहिला, त्यानें 'ह' पाहिला तो डोक्याचे केस पिकल्यावर.

सरकारच्या पैशानें झालेल्या कोशावर विश्वास ठेवावा काय, हाहि प्रश्न होता, आणि तो कऱ्हाडला परका नव्हता. पहिला खंड निघण्याच्या आदल्याच वर्षीं, १९७५ सालीं, आणीबाणी चालू असतां, येथें मराठी साहित्य संमेलन भरलें. स्वागताध्यक्ष केंद्रांतले मंत्री यशवंतराव, आणि अध्यक्षा दुर्गा भागवत, ज्यांनीं व्यासपीठावरून आणीबाणीच्या विरोधांत निर्भयपणें आपलें मत मांडलें. लेखणी आणि सत्ता यांचें नातें काय असावें, ह्याची चर्चा संगमावरच्या ह्या गांवीं जितकी उघड झाली तितकी क्वचितच झाली असेल. विश्वकोशानें ह्या शंकेला जें उत्तर दिलें तें वादानें दिलें नाहीं. प्रत्येक नोंदीखालीं ती लिहिणाराचें नांव छापलें. नोंद पटली नाहीं तर कोणाशीं भांडावयाचें हें वाचकाला कळे. केतकरांच्या ज्ञानकोशाशीं भांडावयाचें तर केतकर होतेच. मला वाटतें, आपल्या कोशपरंपरेंतली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. खंडांची संख्या नव्हे.

विश्वकोशाचे शेवटचे खंड तयार होत असतांनाच वाचक बदलला. त्याला ग्रंथ नको होता, पडदा हवा होता. अकारविल्हे लावलेल्या खंडांची खुबी अशी कीं, एक शब्द शोधतांना शेजारचे चार डोळ्यांखालून जातात. 'कऱ्हाड' पाहावयास गेलेला माणूस 'कर्नाटक' वाचून उठतो. पडद्यावर शोधणाऱ्याला शेजार नाहीं. तो थेट आपल्याच शब्दावर उतरतो, आणि म्हणून तो शब्द यंत्राला ओळखूं आलाच पाहिजे.

हें ओळखणें सोपें नव्हतें. संगणकाला अक्षर दिसत नाहीं, त्याला अक्षराचा क्रमांक कळतो. पहिल्या काळांत ज्या त्या कंपनीचा टंक निराळा आणि ज्याचा त्याचा क्रमांकहि निराळा. एका टंकांत लिहिलेलें मराठी दुसऱ्यांत उघडलें तर रोमन अक्षरें व चिन्हें यांची खिचडी दिसे. छापण्यापुरतें हें चाले, शोधण्याला निरुपयोगी. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली. तिनें भारतीय लिप्यांस एक समान क्रमांकपद्धति लावण्याच्या कामीं पुढाकार घेतला, आणि १९९१ सालीं ती 'इस्की' ह्या नांवानें भारतीय मानक ठरली. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांसाठीं 'युनिकोड' प्रसिद्ध झालें, त्यांत देवनागरीला आरंभापासूनच जागा होती. पुढें सी-डॅकच्याच साहाय्यानें विश्वकोशाचे खंड युनिकोडमध्यें उतरून महाजालावर आले. केतकरांचा ज्ञानकोश मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननें महाजालावर ठेविला. मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठानें आपल्या कोशसंग्रहांत घेतला. ज्या ग्रंथांसाठीं पूर्वी पुण्यास जाऊन ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे, ते कोयनेच्या खोऱ्यांतल्या कोणाहि मुलाच्या हातीं फुकट आले. त्याचें कौतुक करावें तितकें थोडें.

तरी 'कऱ्हाड' सांपडेना, तें कां? त्याचें कारण एका अर्ध्या अक्षरांत आहे. 'ऱ्ह' मधला तो आडवा, पापणीसारखा र मराठीला लागतो. हिंदीला तो लागत नाहीं. छापखान्यांत जुळाऱ्याच्या पेटींत त्याचा खिळा निराळा असे, प्रश्न उद्भवत नसे. युनिकोडमध्यें तो दोन वाटांनीं लिहितां येतो. एक वाट अशी कीं, खालीं टिंब असलेला जो निराळा र आहे तो घ्यावा, हलंत करावा व पुढें ह ठेवावा. दुसरी अशी कीं, साधा र घ्यावा, हलंत करावा, मग एक अदृश्य जोडचिन्ह घालावें व पुढें ह लिहावा. डोळ्यांना दोन्ही एक. यंत्राला ते दोन निराळे शब्द, 'काशी' आणि 'कांची' इतके निराळे. तें अदृश्य चिन्ह प्रवासांत गळालें तर र उडी मारून ह च्या डोक्यावर बसतो आणि 'कर्हाड' होतें. ज्यांना हें कांहींच साधत नाहीं ते सरळ आडवी रेघ मारून 'क-हाड' लिहितात. ज्यानें संकेतस्थळ रचलें त्यानें हीं सारीं रूपें एकाच गांवाचीं आहेत असें यंत्राला आधीं सांगून ठेवलें असेल, तर मुलीला गांव सांपडतें. सांगितलें नसेल, तर नाहीं.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. केतकरांचा ज्ञानकोश जुन्या वळणाचा. त्यांत 'पुणें' आहे, 'नांव' आहे, 'केलें' आहे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालीं आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी 'पुणे' लिहून शोधतो. त्या एका टिंबासाठीं यंत्र त्याला दारांतून परत पाठवूं शकतें. हा लेखहि त्याच जुन्या वळणानें लिहिला आहे, तेव्हां त्याच्याहि नशिबीं तेंच आहे, हें मीं जाणून आहें. हीं कामें मोठ्या पंडितांचीं नाहींत. जुनीं-नवीं रूपें एकमेकांशीं बांधणाऱ्या याद्या करणें, जोडाक्षरें तपासणें, नकलेंतले प्रमाद हातानें काढणें, असें तें काम. त्याला कीर्ति नाहीं. पण पूर्वीच्या कोशांची सूचि जशी, तशीच ह्या नव्या कोशांची ही बांधणी. ती नसेल तर ग्रंथ असून नसल्यासारखा.

वाईच्या मंडळानें अलीकडे आणखी एक पाऊल टाकलें. दिलीप करंबेळकर अध्यक्ष असतां, विद्यापीठें व संस्था यांच्याकडे एकेक विषय सोंपवून ज्ञानमंडळें स्थापिलीं. नोंद तयार झाली, तपासली, कीं तडक महाजालावर. खंडाची वाट नाहीं, 'ह' येईपर्यंत थांबणें नाहीं, आणि चुकलेली नोंद सुधारतां येते. खालीं नांव असतें. दुसरीकडे मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्यांत कोणीहि लिहावें, कोणीहि खोडावें. तेथें नांवाची छाप नाहीं, पण कोणी केव्हां काय बदललें ह्याची बखर पानामागें उघडी असते. म्हणजे तेथेंहि शोधल्यास माणूस सांपडतो.

आतां मात्र वाचकाला नोंदहि नको आहे. त्याला उत्तर हवें आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारतांच परिच्छेद लिहून देणारीं यंत्रें लोकांच्या हातीं आलीं, आणि तीं मराठींतहि बोलतात. ज्या मजकुरावर त्यांचें शिक्षण झालें त्यांतूनच त्यांचें मराठी बनतें. मराठींत मजकूर कमी, आणि जो आहे त्यांतला कितीतरी 'क-हाड'सारखा मोडलेला. केतकरांचे बारा वर्षांचे खंड आणि वाईची साठ वर्षांची मेहनत यंत्राच्या पोटांत नीट उतरली तर त्याचें उत्तर एक प्रकारचें येईल, न उतरली तर दुसऱ्या प्रकारचें. मुलाला दोन्ही सारख्याच गोड भाषेंत मिळतील. हा भेद त्याला कळावा कसा, ह्याचें समाधानकारक उत्तर अजून माझ्या पाहण्यांत नाहीं.

त्या संध्याकाळीं अखेर नातीनें यंत्राला सरळ प्रश्नच विचारला आणि दहा ओळी मिळविल्या. वाईट नव्हत्या. संगम होता, आगाशिवची लेणीं होतीं, यशवंतरावांची समाधि होती. एक राजा मात्र आजोबांना कधीं ऐकल्याचा आठवेना, मलाहि आठवेना. वहीच्या तळाशीं बाईंनीं एक रकाना आंखून दिला होता : 'माहिती कोणाकडून मिळाली?' "आजोबा, इथें कोणाचें नांव लिहूं?" तिनें विचारलें. आजोबांनीं चष्मा काढून पुसला, त्या राजाची ओळ पुन्हा एकदां वाचली, आणि म्हणाले, "तें तूर्त रिकामेंच ठेव, बाळ."